भट्टीचा जाळ कुणी कमी केला?

भूतबित मी मानत नाही. स्मशानाच्या वाटेनं एकटी स्कूटीवर येणारी बाई आहे मी. म्हणूनच हे लिहायचं इतके दिवस टाळलं... पण त्या दिवसापासून आमच्या घरात दोन माणसं एकमेकांकडे संशयानं बघतात, आणि त्यातली एक मी आहे.

हिंगोली जिल्ह्यात, आखाडा बाळापूरच्या अलीकडे रस्त्याला लागून आमचं छोटं ओतकामाचं वर्कशॉप आहे. मिस्टर परभणीला नोकरीला, म्हणून मी आणि धाकटे दीर, बालाजी भाऊजी, मिळून चालवतो. पंपाचे पितळी पंखे ओततो. यंदा भट्टीला आतून नवी लायनिंग केली, म्हणजे जाळ सोसणाऱ्या मसाल्याचा जाड थर दिला. त्या मसाल्यात पाणी असतं. ते मंद जाळावर वाफ होऊन हळूहळू निघावं लागतं. घाई केली की वाफ आत कोंडते आणि लायनिंग फुटते — थेट समोरच्याच्या अंगावर. वाफ निघायला भट्टीच्या पत्र्याला बारीक भोकं ठेवलेली असतात.

भोकांतून वाफ यायची थांबली तसे भाऊजी म्हणाले, "वाळली आता. जाळ वाढवू." ऑर्डरी अडकल्या होत्या, मलाही पटलं. बाजाराचा दिवस, कामगार सुट्टीवर. आम्ही दोघंच. जाळ वाढवून मी ऑफिसात डबा खाल्ला, भाऊजी घरी जेवून आले. बघतो तर बर्नर मंद.

"काहून कमी केला, वहिनी?"

"मी हात तरी लावला का?"

पुन्हा वाढवला. भाऊजी डिझेल आणायला गेले, मी फोनवर. परत मंद! आता माझ्या डोक्यात किडा वळवळला. वर्कशॉप विकून पुण्याला जायचं भाऊजींच्या मनात कधीपासूनचं. ऑर्डर हातची गेली की निमित्तच मिळणार. आणि त्यांना वाटत होतं, मला त्यांचं काही चालू द्यायचं नाही.

मी दोन खुर्च्या बर्नरसमोर ठेवल्या. "बसा इथं, माझ्यासमोर."

"बसतो. तुमी बी हलू नका."

भर दुपार, शेडमध्ये लख्ख उजेड. भाऊजींनी जाळ वाढवला आणि येऊन बसले. बर्नरपेक्षा आम्ही एकमेकांच्या हातांकडेच जास्त बघत होतो. आणि अचानक बर्नरची घरघर खाली आली...

जाळ कमी-जास्त करायच्या व्हॉल्व्हचा दांडा अर्धा फिरला होता. दोघंही जागचे उठलो नव्हतो. त्या दांड्यावर ओल्या मसाल्यानं भरलेल्या बोटांच्या खुणा होत्या. मसाला कालवून कितीतरी दिवस झाले होते, शेडमध्ये ओला मसाला नव्हताच. मी बोट लावलं. गार लागलं. तापलेल्या बर्नरशेजारी, गार!

मी बर्नर पुरता बंद केला. डोकं त्या भोकांवर अडलं — वाफ थांबली की अडली? भट्टी जरा निवल्यावर बाजूला उभं राहून एका भोकात तार घातली. आत वाफेनं ढकललेल्या मसाल्याचं बूच बसलं होतं. ते निघालं आणि वाफेचा फवारा सूं करत माझ्या कानाजवळून गेला. दुसऱ्या भोकातही तेच. तिसऱ्यातही. लायनिंग आतून ओलीच होती.

भाऊजी भट्टीपासून चार पावलं मागे सरले. "मेलोच व्हतो, वहिनी..."

पुढे सगळी भोकं मोकळी करून, धीरानं वाळवून भट्टी सुरू केली. आज ती नीट चालते. फिटरनं व्हॉल्व्ह उघडून पाहिला. दांडा घट्ट आहे, आपोआप फिरणं शक्य नाही म्हणाला.

दांड्यावरच्या खुणा मी त्या दिवशी पुसू दिल्या नव्हत्या. माझी बोटं त्यांवर ठेवून बघितली, जुळली नाहीत. भाऊजींना म्हटलं, तुमची ठेवा. त्यांनी दोन्ही हात खिशात घातले. ते हात सगळा वेळ माझ्या डोळ्यांसमोर होते, हे मी शपथेवर सांगते. मग ठेवायला काय हरकत होती?

परवा चहा पिताना हेच विचारलं. त्यांनी कप खाली ठेवला. मग म्हणाले, "ठेवली असती, वहिनी. पण बराबर बसली असती तर?"