हात मागे बांधून शिकवणाऱ्या मॅडम

प्रॅक्टिकल सुरू झालं की मॅडम दोन्ही हात पाठीमागे बांधून घ्यायच्या. परेडला 'विश्राम' म्हटल्यावर जवान उभे राहतात, अगदी तशा. त्यांचे आजोबा महूला पलटणीत होते, त्यामुळे हे घरातूनच आलं असणार अशी माझी समजूत. मी त्यांचा ज्युनियर सहकारी; एकदा विचारलंच, तर म्हणाल्या, "पलटण-बिलटण काही नाही हो भिया. हात मोकळे राहिले की पोरांचं काम मीच करून टाकते. मग ते काय सीखणार?"

विद्यार्थ्याला बाजूला सारून स्वतःच स्लाइड लावणारे आणि "दिसलं ना?" म्हणत पुढे सरकणारे शिक्षक तुम्हीही पाहिले असतील. आमच्या जीवशास्त्र विभागात त्यांची वाण नव्हती. नवे मायक्रोस्कोपसुद्धा तपासणी समितीला दाखवण्यापुरते प्लास्टिकमध्ये गुंडाळून ठेवलेले. मॅडमनी हट्टाने ते बाहेर काढायला लावले.

भंवरकुआं चौकातल्या पोहे-जलेबीवाल्याकडून त्या वाटीभर आंबलेलं पीठ आणायच्या. "रोज सकाळी जलेबी खाता ना? आज बघा, हे पीठ कोण फुगवतं ते." पिठातलं जिवंत यीस्ट पाहून काहींनी जलेबी सोडली. बाकीच्यांनी त्यांच्या वाटणीचीही खाल्ली.

याच पिठाच्या दिवशी वैशालीचा घात झाला. मानपुरहून बसने येणारी ही अबोल मुलगी. तिने भलताच स्क्रू फिरवला, लेन्स स्लाइडवर आपटली आणि तडकली. विभागप्रमुख तापले. यापुढे शिक्षकांनी करायचं आणि मुलांनी पडद्यावर बघायचं, असं त्यांनी जाहीर करून टाकलं.

मॅडम शांतपणे म्हणाल्या, "मग सर, डिग्री पण पडद्यालाच देऊन टाका."

आम्ही माना खाली घालून हसू दाबलं. मॅडम मात्र हसत नव्हत्या. "जे तुटेल त्याची जिम्मेदारी माझी," असं म्हणत त्यांनी प्रमुखांचा असा पिच्छा पुरवला, की शेवटी कंटाळून त्यांनी हुकूम मागे घेतला.

प्रॅक्टिकल पुन्हा सुरू झालं, पण वैशाली काही मायक्रोस्कोपपाशी येईना. शेजारणीची आकृती उतरवून मोकळी व्हायची. मॅडमनी बोलावलं की एकच उत्तर, "माझ्याकडून फिर टूट जाएगा, मॅडम."

"टूटने दे. पण स्वतः बघितल्याशिवाय मी तुला इथून जाऊ देणार नाही."

पण जायची वेळ आधी मॅडमचीच आली. त्यांच्या निवृत्तीच्या दिवशी खाली सभागृहात हार, समोसे, भाषणं सगळं तयार होतं, फक्त मॅडमच नव्हत्या. मला शोधायला पाठवलं. त्या प्रयोगशाळेत वैशालीशेजारी उभ्या होत्या. गावच्या तलावाचं पाणी त्यांनी तिलाच आणायला लावलं होतं.

"मॅडम, सगळे थांबलेत," मी म्हणालो.

"थांबू द्या. इसका फोकस हो जाने दो."

वैशाली मायक्रोस्कोपला डोळा लावून बसली होती. स्क्रू जरासा पुढे, जरासा मागे. आणि एकदम ती ओरडली, "मॅडम, चल रहा है! पळतंय काहीतरी!"

मॅडमचे डोळे भरून आले. माझेही आले, खोटं कशाला सांगू? "बघू, बघू," म्हणत त्या पुढे वाकल्या.

वैशालीने डोळा हलवला नाही. "रुको ना मॅडम, माझं अजून बघून नाही झालं."

मॅडम आता विभागात नाहीत. मला त्या आठवतात त्या अशाच, खाली अख्खं सभागृह खोळंबलेलं असताना आपला नंबर यायची वाट बघत उभ्या असलेल्या.