मार्ताचे तीन हजार मीटर

गेल्या शनिवारी दुपारी सहकारनगरच्या आमच्या स्केटिंग रिंकवर पंधरा-वीस जण एका लॅपटॉपवर तुटून पडले होते. त्यात मुली, त्यांच्या आया, कोच शेख सर आणि मी... आणि समोर पोलंडमधला बर्फ!

मार्ता आमच्या पोलंडच्या क्लायंटकडची सॉफ्टवेअर टेस्टर. एप्रिलमध्ये प्रोजेक्टसाठी तीन महिने पुण्यात आली, तेव्हा बॅगेत लॅपटॉपशेजारी स्केट्स निघाले. वय अडतीस, आणि सोळाव्या वर्षापासून बर्फावरच्या शर्यती पळतेय. गुडघ्याची दोन ऑपरेशन्स झालीत... आणि वय झालं म्हणून नॅशनल टीममधून वगळलेली.

माझी मुलगी शेख सरांकडे शिकते, म्हणून मी मार्ताला तिथे घेऊन गेले. रोज सकाळी सहाला, चाकांचे स्केट्स घालून, ही बाई शाळकरी मुलींबरोबर घाम गाळायची. रविवारी पर्वतीची टेकडी... तीही कमरेत वाकून चढायची, शर्यतीत वाकतात तशी!

एकदा पायऱ्यांवर एका आजोबांनी मला थांबवलं. "अहो, यांचं काही हरवलंय का?"

मी मार्ताला इंग्रजीत सांगितलं. ती खळखळून हसली. म्हणाली, "हो म्हणावं. टीममधली जागा."

तर शनिवारी पोलंडची नॅशनल चॅम्पियनशिप होती. पहिल्या तिघींत आली तरच टीममध्ये परत, नाहीतर संपलंच. या शर्यतीत दोघी-दोघी पळतात आणि शेवटी सगळ्यांच्या वेळा क्रमाने लावून नंबर काढतात.

मार्ता पळाली... साडेसात फेऱ्या. शेवटच्या फेरीत तिचे पाय जड झालेले आम्हाला इथून दिसत होते. तरी वेळ नोंदली गेली दुसऱ्या नंबरची! पण अजून एक जोडी बाकी होती, दोघीही विशीतल्या. दोघी पुढे गेल्या तर मार्ता चौथी.

त्यातली पहिली मुलगी मार्ताच्या पुढे गेली. दुसरी... जेमतेम मागे राहिली.

मार्ता तिसरी! मुली किंचाळल्या, माझी मुलगी बाकावर चढून नाचली, आणि मी कुणाच्या आईला मिठी मारली ते मला अजून माहीत नाही.

अर्ध्या तासाने तिचा व्हिडिओ कॉल आला. गळ्यात मेडल, डोळे लाल. शेख सर आयुष्यात कुणाचं कौतुक करत नाहीत. ते इंग्रजीत म्हणाले, "छान. पुढच्या वेळी शेवटच्या फेरीचा वेग जरा आधी वाढवा."

"येस सर!" ती म्हणाली. मग सर चष्मा पुसायला बाहेर गेले... आणि बराच वेळ पुसत होते.

सोमवारी ऑफिसात एकाने विचारलं, "एवढे पेढे वाटताय, ती तुमची कोण?"

म्हटलं, "आमच्या रिंकवरची आहे." हे सांगताना मान जी ताठ झाली ना... थँक्यू, मार्ता.