तीन बुचांची बॅटरी

लग्न होऊन मी अकोल्याला आले तेव्हा बी.एस्सी.चं माझं एकच वर्ष झालं होतं. अमरावतीच्या कॉलेजात भौतिकशास्त्र माझ्या विशेष आवडीचं. पण डॉक्टरचं स्थळ चालून आलं, वडिलांनी होकार दिला आणि पुस्तकं माहेरच्या कपाटात राहिली. सासरी मी त्याबद्दल कोणाशी बोलले नाही. मुलगी शिकलेली आहे एवढं यांना ठाऊक होतं. काय शिकलेली, हे त्यांनी विचारलं नाही आणि मीही सांगितलं नाही.

हे अबोल माणूस. सकाळी दवाखाना, दुपारी पातूरकडे नाहीतर हिवरखेडला कोणाला तरी तपासायला जायचं. त्यासाठी एक जुनी विलायती गाडी घेतली होती, चिखलदऱ्याहून निवृत्त होऊन आलेल्या एका जंगल अधिकाऱ्याची. त्या हिवाळ्यात तिची बॅटरी बसली. दिवे पिवळे पडले, बटण दाबलं तर नुसतं टक् व्हायचं. मग हे रोज पुढून हँडल मारून गाडी सुरू करायला लागले. एका सकाळी हँडल उलटं फिरलं आणि यांचं मनगट सुजून टम्म झालं. डाव्या हातानं औषधं लिहून देताना ते मला दिसले, पण काही म्हणायचं धाडस झालं नाही.

दुसऱ्या दिवशी शेजारच्या दोघांनी गाडी ढकलत मोटारमिस्त्रीच्या दुकानापर्यंत नेली. यांचा हात गळ्यात बांधलेला, म्हणून सासूबाईंनी मला सोबत धाडलं.

मिस्त्री वयस्कर होते, कामात चांगले. त्यांनी दोन बॅटऱ्या पुढे ठेवल्या. एक बारा व्होल्टची. थोडी मोठी होती, पण पत्रा कापून बसवतो म्हणाले. नव्या गाड्यांना हीच लागते, ताकद दुप्पट. दुसरी सहा व्होल्टची, मोटारसायकलची, जुनीसारखी मिळत नाही तोवर चालवायला. यांना गावोगावच्या पेशंटची घाई होती. त्यांनी बाराच्या बॅटरीकडे बोट दाखवलं.

मी पदर सावरून पुढे झाले. गाडीतल्या जुन्या बॅटरीवर तीन बुचं होती. तीन बुचं म्हणजे तीन घरं, प्रत्येक घर दोन व्होल्टचं.

"ही गाडी सहाची आहे," मी म्हटलं. "बारा लावले तर दिवे जळून जातील. आणि मोटारसायकलची बॅटरी हे इंजिन फिरवू शकणार नाही. सहाचीच पाहिजे, पण या मापाची."

मिस्त्रींनी माझ्याकडे पाहिलं, मग यांच्याकडे. मी बोलून बसले होते, आता थांबणं कठीण झालं. या गाडीत प्लसची तार सांगाड्याला जोडलेली आहे, नव्या गाड्यांत बहुतेक उलटं असतं, तेव्हा नवी बॅटरी लावताना तेही पाहावं लागेल, असं मी सांगितलं. मिस्त्रींनी वाकून तार पाहिली. बराच वेळ पाहिली.

"बाई बराबर सांगून राहिल्या, डॉक्टरसाहेब," ते म्हणाले. "मी तार पायलीच नवती."

तसली बॅटरी अकोल्यात नाही, अमरावतीच्या एका दुकानात मिळेल, असं त्यांनीच सांगितलं. मी घरी जाऊन शिवणाची टेप आणली आणि लांबी, रुंदी, उंची, प्लस कोणत्या बाजूला, सगळं कागदावर उतरवलं. हे बाजूला उभे होते. चारचौघांत नवऱ्याला खाली पाहायला लावलं, असं मला वाटत राहिलं. रात्रीचं जेवण मला गेलं नाही.

आम्ही एसटीनं अमरावतीला गेलो. दुकानदारानं कागद वाचला आणि बरोबर तशीच बॅटरी काढली. पण ती कोरी होती. तेजाब, म्हणजे ॲसिड, भरून चार्ज व्हायला दुसऱ्या दिवशीची दुपार होणार होती. म्हणून माझ्या माहेरी मुक्काम झाला. सकाळी चहा झाल्यावर हे म्हणाले, चल, तुझं कॉलेज दाखव.

चालत गेलो. फाटकाजवळ हे थांबले.

"लग्नाले सहा महिने झाले," ते म्हणाले. "मी तुले कधी काही विचारलंच नाही."

 रागावला नाहीत का, असं मी कसंबसं विचारलं.

"रागावू काहून? मी मिस्त्रीचं ऐकलं असतं तर गाडी गेली असती." मग फाटकातून आत बोट दाखवून म्हणाले, "ऑफिसातून प्रवेशाचा फॉर्म घेऊन ये. मी इथं उभा आहो. आईशी मी बोलतो."

नवी बॅटरी लावल्यावर गाडी पहिल्याच बटणाला सुरू झाली. माझ्या कॉलेजचं कळल्यावर सासूबाई मात्र दोन दिवस कोणाशी बोलल्या नाहीत. तिसऱ्या दिवशी त्यांनी माझी ट्रंक पुसून उन्हात ठेवली. जूनपासून आठवडाभर माहेरी राहायचं आणि शनिवारी अकोल्याला यायचं, असं ठरलं. लोकांनी नावं ठेवली. सासूबाई त्यांना सांगत, आमची सून शिकून राहिली, तुमाले काय करायचं हाये?

दर शनिवारी हे स्टँडवर उभे असायचे. घरी पोचेपर्यंत मी आठवड्यात जे शिकले ते सांगत सुटायची आणि हे मान हलवत ऐकायचे. पुढे मी मुलींच्या शाळेत विज्ञान शिकवू लागले, तेव्हा एकदा यांनी कबूल केलं, की त्यातलं निम्मं त्यांना कधी कळलंच नव्हतं. पण मी बोलताना पाहायला त्यांना आवडायचं.