संपाच्या फलकावरची नावं

आमच्या नांदेडच्या मिलमधल्या संपाची आठवण राहावी म्हणून जुन्या कामगारांनी फलक लावायचं ठरवलं. माझं अक्षर बरं, म्हणून यादी लिहायचं काम माझ्याकडे आलं. पहिलं नाव मी बाबांचं लिहिलं.

बाबा सूतखात्यात होते. पगार कापड विणायच्या मागावर जास्त, पण तिथं त्यांना कुणी फिरकू दिलं नाही. मागात आडवा धागा नेणाऱ्या धोट्याच्या भोकातून तो धागा तोंडानं ओढावा लागे, आणि आम्ही बौद्ध. आमचं तोंड लागलेला धोटा पुढच्या पाळीला तोंडाला कोण लावणार? संपात गेटवर घोषणा एका सुरात चालायच्या, बाबांना पाणी मात्र वरून ओतायचे. मला आजही त्याची चीड येते.

त्या वर्षी दुष्काळ होता. लातूर जिल्हा नुकताच वेगळा झाला होता. तिकडं माहेरी आई दुष्काळी कामावर खडी फोडत होती, मी आणि बाबा नांदेडच्या खोलीत. मी सातवीत होते. एका सकाळी जॉबर, म्हणजे माणसं कामाला लावणारा मिलचा मुकादम, दारात आला.

"दोन माग देतो, कायमचे. उद्या आत ये."

एवढ्यासाठी बाबांनी आयुष्यभर अर्ज केले होते.

"समदे भाहेर हायेत. म्या न्हाई येत."

"समदे तुला धड पाणी तरी देऊन राहिले का?"

बाबांनी दार लावलं. तो आठवडा आम्ही ज्वारीच्या कण्यांवर काढला. पुढं संप मोडला, मागवाले मागावर गेले आणि बाबा परत सूतखात्यात.

फलकाच्या बैठकीत मी यादी वाचली. गेटवर बाबांच्या शेजारी बसणारा म्हातारा मागवाला म्हणाला, "ह्याच्या घरी जॉबर गेलता. म्या डोळ्यानं पाहिलं. फुटलेल्याचं नाव कशाला?"

बाबांनी दार लावल्याचं मी सांगितलं.

"तू ल्हान होतीस, बाई."

बाकीचे खाली बघत बसले. मला भांडायला हवं होतं. मी पेन काढलं आणि माझ्याच हातानं नाव खोडलं.

घरी बाबा खाटेवर धापा टाकत वाट बघत होते. "माझं नाव कितवं हाय?"

मी खरं ते सांगितलं. कोण बोललं, तेही.



"जॉबर देत होता ते दोन माग त्याचेच होते," बाबा म्हणाले. "म्या जायला पायजे होतं."