तो पाणी प्यायला का?

एका म्हातारीला तांब्याभर पाणी पाजायला माझ्या मायला बाहत्तरच्या दुष्काळापासून लातूर जिल्हा होईपर्यंत वेळ लागला. हसू नका. दुष्काळामुळं अडलं नव्हतं ते. पाणी मायच्या हातात होतं, तांब्या पुढं केलेला होता, आणि म्हातारी दरवेळी म्हणायची, "तहान न्हाई गं मला."

आमचं गाव रेणापूरच्या अलीकडं. आम्ही मातंग, पिढ्यान्‌पिढ्या दोर वळणारे. बांधावरचं केकताड, म्हणजे घायपात, कापायचं, भिजवायचं, कुटायचं, त्याच्या तंतूंचा वाख काढून बा दोर वळायचा. दुष्काळात गावच्या आडाचं पाणी तळाला गेलं, तसे सगळ्या गावाचे दोर तोकडे पडले. रोज कुणीतरी दारात उभं. "जोड वळून दे रे." बा मुकाट्यानं वळून द्यायचा. आडात उतरायचा तो आमचा दोर, पण आडाला हात लावायचा नाही तो आम्ही. माय घागर घेऊन लांब उभी राहायची. कुणाला दया आली तर तो वरून ओतायचा. मायला दयेचा भारी राग. तसली घागर घरी आणून ती अशी दणकन आदळायची की आम्ही पोरं चिडीचूप. मी मायवर गेले आहे असं आमच्या घरात म्हणतात, आणि ते काही कौतुकानं म्हणत नाहीत.

मग दुष्काळी काम निघालं. माळावर खडी फोडायची. पोटाला आग लागली तेव्हा कुठं सगळ्या जातीच्या बाया एका ओळीत बसल्या, तरी ज्याचं त्याचं पाण्याचं मडकं वेगळं. मायच्या शेजारी ही म्हातारी येऊन बसली. बारकीशी, नाकात सदा तपकीर, आणि तोंडाचा पट्टा अखंड चालू. ती पूर्वीची महार. तिचे सगळे भाऊबंद बुद्धाकडं गेले होते. हिचा नवरा मात्र तरुणपणीच ख्रिस्ती झालेला. तो वारला तरी ही आपली प्रभूला धरून राहिली होती. गावाच्या कडेला पत्र्याचं एक प्रार्थनाघर होतं, त्याची किल्ली हिच्या कमरेला. आम्ही पोरं तिला आज्जी म्हणायचो, माय मावशी म्हणायची.

आज्जी प्रभूच्या गोष्टी सांगायची त्या अशा, की येशू म्हणजे जणू शेजारच्या गावातला तिचा भाचा. "लई चालायचा बघ बिचारा. एस्टी न्हाई, बैलगाडी न्हाई. खाण्यापिण्याची आबाळ. जो भेटल त्याच्याशी बोलत बसायचा." माय हातोडा चालवत निम्मं ऐकायची, निम्मं सोडून द्यायची. तिला देवांचं कौतुक नव्हतं. सगळे देव घेणारे, असं तिचं मत.

एके दिवशी आज्जी म्हणाली, "एकदा काय झालं, भर उन्हात चालून चालून तो एका आडावर येऊन बसला. एकलाच. तेवढ्यात एक बाई आली घागर घेऊन. तिच्या जातीच्या हातचं ह्याची माणसं पाणी पीत नव्हती."

मायचा हातोडा थांबला. "भर दुपारी कशाला आली ती पाण्याला?"

"बाकीच्या बाया नसत्यात त्या टायमाला."

"हां," माय म्हणाली. एवढ्यावरनं तिला सगळं कळलं.

"तर हा तिला म्हणला, बाई, मला पाणी दे."

"त्यानं मागितलं?"

"हाव."

"तिला? तिच्या हातचं?"

"हाव म्हणून सांगते ना! तीबी असंच म्हणली. म्हणली, तू असा अन् मी अशी, अन् मला पाणी मागतोस व्हय?"

"मग? प्यायला का?"

आज्जीनं चिमूटभर तपकीर ओढली. "मग लई मोठं बोलणं झालं बघ दोघांचं. पुन्हा तहान न लागणाऱ्या पाण्याचं…"

"ते राहू दे मावशी. पाणी प्यायला का न्हाई?"

"आता… प्यायलाच असल की."

"असल म्हणजे? तुला ठाऊक न्हाई?"

"बाई गं, खडी फोड. मुकादम बघायलाय."

माय त्या दिवशी घरी आली ती वेगळीच. भाकरी थापता थापता मध्येच थांबायची. बाला म्हणाली, "देव असून पाणी मागतो. अन् कुणाला मागतो!" बा म्हणाला, "तहान लागली असल." माय म्हणाली, "तेच तर."

महिन्यातून एकदा प्रार्थना घ्यायला नांदेडहून एक पाळकसाहेब एस्टीनं यायचे. पुढच्या वेळी ते आले तशी माय मला घेऊन प्रार्थनाघराकडं निघाली आणि सवयीनं दाराच्या बाहेर, लांब उभी राहिली. ते म्हणाले, "ताई, आत या ना." इस्त्रीचा सदरा घातलेल्या माणसानं मायला आत बोलावलेलं मी तोवर पाहिलं नव्हतं. माय आत गेली, खाली टेकली, आणि रामराम नाही की शामराम नाही, एकदम विचारलं, "तो पाणी प्यायला का?"

त्यांनी बायबलची पानं उलटली. पुन्हा उलटली. मग म्हणाले, "लिहिलेलं नाही."

"लिहिणारानं नेमकं तेच सोडलं?" माय तडकली. "बाकीचं एवढं लांबण लावलं अन् मुद्द्याचं तेवढं न्हाई लिहिलं?"

पाळकसाहेब मोठ्यांदा हसले. माय नाही हसली. तेव्हा तेही गंभीर झाले आणि म्हणाले, "तुम्हाला काय वाटतं?"

तुम्हाला काय वाटतं! अहो, मायला कुणी कधी हे विचारलंच नव्हतं. खडी फोड, दोर दे, लांब उभी राहा, एवढंच तिला लोकांनी सांगितलेलं. तिनं पदर सावरला. मग म्हणाली, "विचार करून सांगते." आणि दर रविवारी जायला लागली.

पुढं आमच्या घरानं बाप्तिस्मा घेतला. पाळकसाहेबांनी वाटीभर पाणी घेतलं होतं, तेही जपून, कारण दिवस तसे होते. मायच्या कपाळावरून ओघळलेला थेंब तिनं पदरानं टिपला नाही, तसाच वाळू दिला. भाऊबंद म्हणाले, सुकडीसाठी देव सोडला. माय म्हणाली, "सुकडी तर कामावर समद्यांनाच मिळती. तुम्हीबी खाताच की. तुम्ही कोणता देव सोडला?"

लोक विचारतात, ख्रिस्ती होऊन तुम्हाला मिळालं काय? घर तेच, दोर तेच, गावही तेच. पण मायची मान वर झाली, ते मी डोळ्यांनी पाहिलं. आडावर जाऊन लांब उभं राहणं तिनं सोडलं. मैलभर लांबच्या ओढ्यात झरा उकरून ती पाणी आणायची, पुढं वस्तीत हापसा आला तोवर. म्हणायची, "माझ्या हातचं देव मागतो. मी कुणाच्या पुढं तोंड वेंगाडू?" मी लहान होते, पण ते वाक्य मी अजून पुरवून पुरवून वापरते.

बाप्तिस्म्याच्या दुसऱ्या दिवशी खडीवर मायनं आपल्या मडक्यातून तांब्या भरला आणि सगळ्यांत आधी आज्जीपुढं धरला. ऊन असं की दगड हाताला चटके देत होते. आज्जीचं मडकं केव्हाच रिकामं झालेलं. ती म्हणाली, "तहान न्हाई गं मला."

मायला आधी खरंच वाटलं. मग तिनं आज्जीचे फुटलेले ओठ पाहिले. आज्जी नजर चुकवत होती. महार मातंगाच्या हातचं पाणी पीत नसत, ते प्रभूला धरूनही हिचं सुटलं नव्हतं. मायच्या ध्यानात आलं तशी ती म्हणाली, "मावशे, देवाला चालतं, अन् तुला चालंना व्हय?"

आज्जी उठली, दुसऱ्या ढिगावर जाऊन बसली आणि दगडावर असे घाव घातले की कपच्या उडाल्या. मायनं तांब्याभर पाणी परत मडक्यात ओतलं. घरी येऊन ती रडली. गावानं लांब उभं केलं तेव्हा ती चिडायची, रडायची नाही. हे मात्र तिच्या जिव्हारी लागलं.

आता तुम्ही म्हणाल, तोडून टाकायचं होतं. नाही तुटलं. आठवडाभरानं आज्जी आपली आमच्या अंगणात हजर. माझं डोकं मांडीवर घेऊन तेल लावून वेणी घातली, मला प्रार्थना शिकवली, भावाला ताप आला तेव्हा त्याच्या उशाशी बसून राहिली. जीव लावायला कुठं कमी नाही, पण घोटभर पाण्याला "तहान न्हाई." प्रार्थनाघरात प्रभुभोजनाचा पेला एकच, एकामागून एक सगळ्यांनी ओठ लावायचा. आज्जी नेमानं सगळ्यांच्या पुढं जाऊन बसायची. मला वाटायचं, केवढी ही भक्ती! मायला कारण ठाऊक होतं. ती मुद्दाम सगळ्यांत मागं बसायची, म्हातारीला अवघड व्हायला नको म्हणून.

घरात त्याची थट्टाच होऊन बसली. कुणी दुसरी भाकरी नको म्हणालं की बा म्हणायचा, "आज्जीवानी तहान न्हाई का तुला?" पण माय तांब्या पुढं करायची सोडत नव्हती. आज्जी आली की आधी तांब्या. "न्हाई गं." "बरं." मग गप्पा. माय तांब्या उचलून आत ठेवायची, आणि दर खेपेला तिचा चेहरा एवढासा व्हायचा.

पुढं मी नर्सिंग शिकायला नांदेडला गेले. तिथं वॉर्डात मी कुणाकुणाला पाणी पाजलं, त्याची गणती नाही. तापानं फणफणलेला माणूस जात विचारत नाही, पाणी विचारतो. सुट्टीला घरी आले आणि पाहते तर तांब्याचं तेच चाललेलं. माझं डोकंच फिरलं. आज्जी तिच्या घरी परतल्यावर मी मायवर तोंड सोडलं. "कशाला तिच्या मागं लागलीस? नांदेडात पाटलांच्या बायका माझ्या हातचं पितात. हिच्यावाचून तुझं काय अडलंय?"

माय दोर वळत होती. हात न थांबवता म्हणाली, "अडलंय. ती गोष्ट मला तिनं सांगितली. ती पीत न्हाई तवर माझ्यासाठी तो प्यायला न्हाई."

मी दोराचं दुसरं टोक धरलं. मी सहसा धरत नाही.

आणि मग जिल्हा झाला. आमचा भाग उस्मानाबादेतून निघाला, लातूर नवा जिल्हा. काय तो जल्लोष! एस्टीला हार, टपावर पोरं, चावडीपुढं गुलाल, हलगी, ज्याला त्याला पेढा. मी घरीच होते. श्रावणातली उघडीप होती, दुपारचं ऊन चांगलंच चटकत होतं. माय आणि बा अंगणात दोराला पीळ देत होते, एक टोक बाच्या हातात, एक मायच्या. तेवढ्यात चावडीकडून आज्जी आली. कपाळाला, गालांना कुणीतरी गुलाल फासलेला. ती आता फार वाकली होती. येऊन उंबऱ्याशी टेकली आणि धापा टाकत म्हणाली, "काल उस्मानाबादची होऊन झोपले, आज लातूरची होऊन उठले म्हणत्यात. मला काहीच करावं लागलं न्हाई."

"मग बरंच हाय की," बा म्हणाला.

"बरं कसलं?" आज्जी म्हणाली. "मला बाप्तिस्मा घेऊन उभा जन्म झाला. मी अजून उठायचीच हाय."

दूर हलगी वाजत होती. मायनं त्या दिवशी, इतक्या वर्षांत पहिल्यांदाच, तांब्या आणला नव्हता. दोराला पीळ होता, टोक सोडता येत नव्हतं. आज्जीनं इकडं तिकडं पाहिलं. मग मायकडं पाहून म्हणाली, "पोरी, मला पाणी दे."

मायच्या हातातलं टोक सुटलं. सगळा पीळ भर्रकन उलगडला, सकाळपासूनचं काम मातीत. बानं आपलंही टोक खाली ठेवलं. माय जागची हलली नाही. मग तिचा तो नेहमीचा राग आला, कारण दुसरं काय करावं तिला कळलं नसावं. "आज लागली व्हय तहान?"

"तहान तवाबी होती," आज्जी म्हणाली. "खडीवर जीव चालला होता माझा."

माय आत गेली. डेऱ्यातून तांब्या भरून आणला. घाईत निम्मं पाणी उंबऱ्यावर सांडलं. आज्जीनं दोन्ही हातांनी तांब्या घेतला. मला वाटलं, वरून ओतून पिईल. तिनं तांब्याला ओठ लावला आणि घटाघटा प्यायली, हनुवटीवरून गुलालाचे लाल ओघळ खाली येईपर्यंत.

माय तिच्यासमोर मातीत बसली. डोळे वाहत होते, पण पुसायचं तिला सुचत नव्हतं. तिनं लहान पोरीसारखं विचारलं, "मावशी, मग? प्यायला का तो?"

आज्जीनं तळाचा शेवटचा घोटही संपवला. पदरानं तोंड पुसलं आणि रिकामा तांब्या मायच्या पुढं धरला.

"अजून दे," ती म्हणाली.