कुंदावहिनींच्या मुंग्या

कुंदावहिनींचा सोमवारचा उपास म्हणजे चाळीतला सार्वजनिक कार्यक्रम होता. उपास त्या एकट्या करायच्या, दमायची मात्र सगळी चाळ. सकाळी नळावर आल्या की आवाज बारीक, पदर डोक्यावर, आणि कुणी चहाला बोलावलं की डोळे मिटून नुसती मान हलवायची. सोळा सोमवार इतर बायकांनीही पूर्वी केले होते. वहिनींचे निर्जळी होते. संध्याकाळी शिवमंदिरात जाऊन येईपर्यंत घोटभर पाणीसुद्धा नाही. आणि हे सगळं कशासाठी, तर यजमानांना, म्हणजे श्यामकांतांना, काडेपेटीच्या कारखान्याच्या वसाहतीत बिऱ्हाड मिळावं म्हणून. घरात स्वतःचा नळ असलेलं. महादेवाकडे लोकांनी आजवर काय काय मागितलं असेल, पण नळ मागणाऱ्या या पहिल्याच असाव्यात.

चाळ मोरिवलीच्या वाटेवर होती. राजाबाई नावाच्या शेतकरणीनं भाताचं खाचर बुजवून ती बांधलेली. फाळणीला अजून फार वर्षं झाली नव्हती. वहिनींच्या शेजारच्या खोलीत ईश्वरीबाई ही सिंधी विधवा नुकतीच आली होती. निर्वासितांच्या कँपातल्या बराकीत गोणपाटाच्या पडद्याआड दिवस काढून तिनं ही चार भिंतींची खोली मिळवली होती, आणि तिचा तिला कोण अभिमान. उंबरा रोज धुवायची. उडदाचे पापड लाटायची, ओसरीपुढच्या उन्हात खाटेवर वाळवायची आणि कँपातल्या दुकानांना नेऊन द्यायची. त्यावरच तिचं चालायचं.

त्या चैत्रात वहिनींच्या घरात मुंग्या झाल्या. लाल, बारीक, चावऱ्या. वहिनींनी काय केलं नाही? जाळीच्या कपाटाचे पाय पाण्याच्या वाट्यांत ठेवले. साखरेचा डबा परातीत उभा केला. भिंतीच्या फटीत रॉकेल ओतलं, कोपऱ्यांत हळद भरली. पीतांबरासारखं पिवळं घर झालं, पण मुंग्या काही हटेनात. एकदा वहिनींनी रांगेचा माग काढला, तर ती ईश्वरीबाईच्या उंबऱ्यावरून येत होती. झालं. वारूळ ओसरीच्या टोकाला, ईश्वरीबाईच्या खोलीपलीकडच्या पायरीखाली होतं, आणि इकडे यायला दुसरी वाट नव्हती, एवढं बघायची तसदी कोण घेतो? मिऱ्याचा झणझणीत पापड मुंगी कशाला खाईल, हेही कुणी विचारलं नाही.

नळावर वहिनींनी विषय काढला. बायकांनी तो झेलला. एक म्हणाली, त्यांच्या पापडाचा वासच तसला. दुसरी म्हणाली, आमच्याकडेही कालपासून दिसायला लागल्यात. तिच्याकडे त्या गणपतीपासून होत्या, पण तेव्हा शेजारी सिंधीण नव्हती. प्रकरण राजाबाईंच्या कानावर गेलं. व्रतस्थ बाईनं सांगितलेलं, म्हटल्यावर शंकाच नको. राजाबाईंनी ईश्वरीबाईला दारातच सांगून टाकलं की महिनाअखेर खोली रिकामी कर.

इतकं व्हावं असं वहिनींच्या मनात नव्हतं, हे खरं. पण झाल्यावर त्या काही बोलल्या नाहीत, हेही खरं.

उलट रविवारी त्यांनी श्यामकांतांकडून कल्याणहून किडे मारायची गॅमेक्सिनची पावडर आणवली आणि दोन्ही दारांच्या मधोमध, ओसरीभर, बोटभर जाड रेघ ओढली. सोमवारी सकाळी वारा सुटला. खाटेवरचे पापड भुरकट झाले आणि त्या उग्र कुबट वासानं सगळी ओसरी भरली. ईश्वरीबाईनं एक पापड उचलून हुंगला. मग सगळे गोळा केले, मागे खड्डा केला आणि पुरले. आता भांडण होणार म्हणून दोन-तीन दारांत बायका कामं सोडून उभ्या राहिल्या होत्या. त्यांची निराशा झाली. ईश्वरीबाई वहिनींच्या दाराशी आली आणि हळूच म्हणाली, "भाभी, मुझे बोलतीं तो मैं खाट उधर ले जाती."

वहिनींनी उपासाचं तोंड केलं आणि दार लोटलं.

संध्याकाळी देवळातून आल्यावर वहिनी सोमवारची कहाणी वाचायच्या आणि चाळीतल्या बायका ऐकायला बसायच्या. ईश्वरीबाईसुद्धा यायची. अर्धं समजायचं, पण हात जोडून बसायची. त्या दिवशीही आली. तिच्याजवळून बायका जरा सरकून बसल्या. कहाणी रंगात आली होती आणि राजाबाई एकदम पाय झटकत उठल्या.

पावडरीच्या रेघेनं मुंग्यांची बाहेरची वाट बंद केली होती. घरात अडकलेल्या मुंग्या आता वाट शोधत खोलीभर पसरल्या होत्या, आणि प्रत्येकीच्या तोंडात एक एक तांबूस कण. रांग कपड्यांच्या ट्रंकेतून निघत होती.

"आत काय मेलंय का काय गो?" म्हणत राजाबाईंनी झाकण उघडलंसुद्धा.

लग्नातल्या शालूच्या घडीत गूळपापडीच्या वड्या होत्या. खमंग भाजलेल्या कणकेच्या, तुपातल्या. एक अर्धी खाल्लेली, दातांच्या खुणांसकट.

खोलीत कुणी हसलं नाही. हसले असते तर वहिनींना बरं वाटलं असतं. त्यांच्या तोंडून निघालं, "ह्यांच्यासाठी ठेवल्या होत्या."

सगळ्यांनी दाराकडे पाहिलं. श्यामकांत नुकतेच येऊन टेकत होते. त्यांनी ट्रंक पाहिली, बायकोकडे पाहिलं आणि खाली मान घालून म्हणाले, "हो. माझ्याच." सभ्य माणूस. पण गोडाचा घास घशाखाली उतरत नाही म्हणून सणालासुद्धा पुरण न खाणारा हा माणूस आहे, हे सगळ्या चाळीला ठाऊक होतं. बायका एकेक करून उठल्या. ईश्वरीबाईनं जाताना उघडी पोथी मिटून पाटावर ठेवली.

वहिनींना त्या दिवशी खरोखर पाणी गेलं नाही.

दुसऱ्या दिवशी चाळीत कुजबुज उसळली, पण राजाबाई ढिम्म. वड्या नवऱ्याच्या असोत नाहीतर बायकोच्या, मुंग्या आणल्या त्या पापडवालीनंच, असं त्यांचं ठरलेलं. ईश्वरीबाईनं खाट उभी करून तिची दोरी सोडायला घेतली. कँपात परत जायचं, एवढंच ती विचारणाऱ्यांना सांगत होती. वहिनी दाराच्या फटीतून बघत राहिल्या. आपण गप्प राहिलो तर थोडीफार अब्रू शिल्लक राहील, नवऱ्यानं अंगावर घेतलंच आहे. आणि शेजारीण बराकीत जाईल. दोन्ही गोष्टी त्यांना लख्ख दिसत होत्या.

हंडा न घेताच त्या नळावर गेल्या. सगळ्याजणी होत्या. राजाबाईही होत्या.

"त्या वड्या माझ्या," वहिनी म्हणाल्या. "दर सोमवारी दुपारी दार लावून खात होते. पाणीही प्यायचे. मुंग्या माझ्या ट्रंकेसाठी येत होत्या. तिला जायला सांगू नका."

राजाबाईंनी वाहता नळ बंद केला. मग त्या म्हणाल्या, "भूक लागते तर निर्जळी कशाला सांगावी गो बये? साधा उपास धरायचा, दाणे खायचे." आणि ईश्वरीबाईच्या दाराकडे तोंड करून तिथूनच ओरडल्या की खोली सोडायची नाही.

ईश्वरीबाई राहिली. पण खाट तिनं चाळीच्या मागे नेली, जिथं ऊन तिरपं आणि थोडंच यायचं. वहिनींनी दोनदा सांगून पाहिलं, पुढे ये म्हणून. ती "हां भाभी" म्हणायची आणि मागेच जायची. वहिनींच्या दारापुढचं ऊन दिवसभर मोकळं पडून असायचं. येता-जाता ते ओलांडणं त्यांच्या जिवावर यायचं.

शेवटी एका सकाळी त्या मागे गेल्या. ईश्वरीबाई लाटत होती. वहिनी समोर बसल्या आणि गोळा घ्यायला हात पुढे केला. ईश्वरीबाईनं परात जरा मागे ओढली.

"भाभी, हाथ धोये?"

पलीकडे भांडी घासणारी बाई तोंडाला पदर लावून हसली. वहिनी उठल्या, बालदीपाशी गेल्या आणि राखेनं कोपरापर्यंत हात घासत बसल्या. बराच वेळ.