उकळलेला कोयता

पन्नासेक वर्षांपूर्वी लग्न होऊन मी कान्ह्याला आले तेव्हा लोणावळ्याच्या एका दवाखान्यात नर्स होते. सकाळच्या गाडीने जायचे, दिवेलागणीला परत यायचे. घरामागे सासऱ्यांची लिंबाची बाग होती. बाग कसली, विहिरीच्या कडेने लावलेली मोजकीच झाडं. पण आबांचा सगळा जीव तिथे.

त्या वर्षीही पानांवर आणि फळांवर तांबूस, खरखरीत खपल्या धरल्या. गावात त्याला खैऱ्या म्हणत. असलं लिंबू बाजारात कुणी हातात घेत नसे. उन्हाळ्यात आबांनी रोगट फांद्या छाटायला घेतल्या. मला सुट्टी होती, मी मागच्या दारातून बघत होते. खराब झाडाची फांदी उतरवली की तोच कोयता घेऊन ते शेजारच्या चांगल्या झाडाकडे वळायचे. मला राहवलं नाही.

"आबा, आधी तो कोयता उकळू या."

"कोयता काय बटाटा हाय व्हय, उकळायला?"

"एकाला टोचलेली सुई उकळल्याशिवाय आम्ही दुसऱ्याला टोचत नाही. हेही तसंच."

"आमी लय वरसं छाटतुया. झाडाला कदी दवाखाना दावला न्हाई."

"म्हणून तर दर वर्षी नव्या झाडाला रोग लागतोय."

सासूबाई पीठ चाळता चाळता थांबल्या. नव्या सुनेने इतकं बोलायची पद्धत नव्हती. आबांनी कोयता खाली ठेवला. मी तीन दगड मांडून चूल पेटवली, पातेलं चढवलं आणि घरातला दुसरा कोयता काढला. एक पाण्यात उकळत असताना दुसऱ्याने कापायचं. आधी चांगली झाडं, मग दुखणाईत. छाटलेलं सगळं तिथेच जाळायचं.

दुपारपर्यंत आबाच विचारू लागले, "ह्यो शिजला का गं?" उकळून पातं गंजेल म्हणून संध्याकाळी त्यांनी ते पुसून त्याला करडईचं तेल लावलं. ते मला सुचलं नव्हतं.

पावसाळ्यात खैऱ्या आलाच, पण जुन्या दुखणाईत झाडांवर. चांगली झाडं बहुतेक स्वच्छ राहिली. पुढच्या उन्हाळ्यात आबांनी मला न विचारता चूल मांडली.

त्याच सुमाराला शेजारचे एक भाऊ कोयता मागायला आले. मी आत भाकरी थापत होते. अंगणातून आबांचा आवाज आला, "ने की. पर आनताना उकळून आन. आमच्यात तशी रीतच हाय."